साइन-अप बोनस आणि लग्नगडी

हे लिहायचं बरेच दिवस डोक्यात होतं, पण आठवडाभर ऑफिसचं काम संपत नाही आणि शनिवार आला की झोप संपत नाही. आज बाहेर पाऊस आहे, चहाही झालाय, तेव्हा बसलोच.

विषय तसा किरकोळ आहे. फुकटचे पॉइंट्स. नवीन अ‍ॅप टाका, ५० रुपये घ्या. मित्राला लिंक पाठवा, दोघांनाही १०० घ्या. नाव नोंदवलंत म्हणून ५०० पॉइंट्स, पहिला व्यवहार केलात म्हणून एक स्क्रॅच कार्ड. आमच्या टीममध्ये किमान तिघं जण याची रीतसर एक्सेल शीट ठेवतात. चांगल्या पगाराची माणसं आहेत, पण वीस रुपयांचा कॅशबॅक अडकला की कस्टमर केअरशी अर्धा तास भांडतात. मला यात काहीही कमीपणा वाटत नाही. मीही घेतो. प्रश्न एवढाच, की हे अंगाशी न येता कसं करायचं?

यावर "दहा टिप्स" छापाची उत्तरं ढिगाने मिळतात. अडचण अशी की टिप्स नेहमी गेल्या वर्षीच्या फसवणुकीवर असतात आणि फसवणारे या वर्षीचं व्हर्जन घेऊन येतात. म्हणून मी जरा मागे जाऊन बघायचं ठरवलं. "आधी काहीतरी घ्या, मग बघू" या व्यवहाराचा सगळ्यात कडक नमुना आपल्याकडे कुठे सापडतो? मला तो सापडला तलासरीत.

तलासरी म्हणजे मुंबईहून अहमदाबादकडे निघालं की हायवेवरचा महाराष्ट्रातला शेवटचा तालुका. आपल्यापैकी बहुतेकांनी तो कारच्या काचेतूनच बघितलेला असतो. डहाणू, घोलवडचे चिकू खाऊन बोर्डीच्या समुद्रावर वीकेंड काढणारे कितीतरी आहेत, पण तिथून थोडं पूर्वेला गेलं की जे वारली पाडे लागतात त्यांचा इतिहास आपल्याला शाळेत अर्ध्या ओळीत शिकवला गेला. वारली चित्रं मात्र आपल्या सोसायटीच्या भिंतीवर असतात. असो.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. लग्नगडी आणि अ‍ॅप वापरणारा आयटीवाला यांची मी बरोबरी करत नाहीये. तसं करणं हा त्या लोकांचा अपमान होईल. आपण पन्नास रुपयांसाठी फार तर आपला नंबर देतो, त्यांची आयुष्यं गेली. पण मी इंजिनियर आहे, मला यंत्र कसं चालतं ते बघायची सवय आहे. आणि यंत्राचे काही भाग मला फारच ओळखीचे वाटले.

तर काळ आहे १९३०-४० चा. आजची तलासरी तेव्हा ठाणे जिल्ह्यातल्या उंबरगाव तालुक्यात होती. (१९६० मध्ये राज्यं वेगळी झाली तेव्हा उंबरगाव गुजरातेत गेलं आणि तलासरी इकडे राहिली. पालघर जिल्हा तर अगदी अलीकडचा, १ ऑगस्ट २०१४ चा.) वारल्यांच्या हातच्या जमिनी कधीच जमीनदार-सावकारांकडे गेल्या होत्या. भात कापलं, खंड भरला, जुनं देणं वळतं झालं, की घरात जे उरायचं ते पावसाळ्यापर्यंत पुरायचं नाही. ऐन पेरणीच्या, म्हणजे सगळ्यात जास्त कष्टाच्या दिवसांत घरात दाणा नाही. मग सावकाराकडून खायला भात आणायचं. ही खावटी.

खावटी मागायला गेलं की मिळायची. हाकलून देत नसत, हे लक्षात घ्या. "घेऊन जा, पीक आल्यावर दे." परतफेड दिढीने किंवा दुणीने, म्हणजे मणाला दीड मण किंवा थेट दोन मण. चार महिन्यांत पन्नास टक्के म्हणजे वर्षाला दीडशे टक्के झाले, आणि तोही चांगला दर. शिवाय मोजायचं माप सावकाराचं. देताना एक माप आणि घेताना दुसरं, ही तक्रार त्या काळाबद्दलच्या लेखनात सतत येते. हिशेबाची वही त्याच्याकडे, वाचता येणारा माणूसही त्याचाच. आपल्या भाषेत सांगायचं तर सगळा डेटाबेस समोरच्याच्या सर्व्हरवर, आणि आपल्याला वाचायचीसुद्धा परवानगी नाही.

लग्नगडी हा त्याच्या पुढचा प्रकार. वारली तरुणाला लग्न करायचं आहे. देज द्यायचं, गावजेवण घालायचं, ताडी-दारूचा खर्च आहे. जवळ पैसा नाही. जमीनदार म्हणतो, मी देतो. रक्कम शंभर-दोनशेच्या घरातली. त्या बदल्यात नवरा-बायकोने त्याच्याकडे राबायचं. किती दिवस? कर्ज फिटेपर्यंत. आणि कर्ज फिटत नसे, कारण केलेलं काम मुद्दलात धरलंच जात नव्हतं. काम म्हणजे व्याज, मुद्दल जागच्या जागी. ब्रिटिश सरकारचे सिमिंग्टन नावाचे आय.सी.एस. अधिकारी होते, त्यांनी मुंबई प्रांतातल्या आदिवासींच्या स्थितीवर अहवाल लिहिला, तो १९३९ मध्ये छापला गेला. त्यात या लग्नापायी झालेल्या गुलामगिरीचं वर्णन आहे. म्हणजे सरकारच्या कपाटात हे सगळं लिहून ठेवलेलं होतं. कपाटातच राहिलं.

मला यात सगळ्यात जास्त काय खटकतं सांगू? वेळ. सावकाराने पैसे कधी देऊ केले? लग्नाच्या वेळी. खावटी कधी? श्रावणात, चूल विझलेली असताना. ऑफर नेहमी अशा क्षणाला येते की माणूस अटी विचारूच शकत नाही. आजचं इन्स्टंट लोन अ‍ॅप महिन्याच्या पंचवीस तारखेला नोटिफिकेशन का पाठवतं, हे मग वेगळं सांगायला नको.

हे थांबलं कसं? गोदावरी परुळेकर हे नाव इथे येतं. मूळच्या गोखले, पुण्याच्या. कायद्याच्या पदवीधर, आणि भारत सेवक समाजाच्या पहिल्या महिला आजीव सदस्य. त्या आणि शामराव परुळेकर किसान सभेचं काम करत होते. जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला किसान सभेची परिषद झाली, तिला उंबरगाव भागातले काही वारली आले होते. तिथून धागा जुळला. २३ मे १९४५ ला झरी या गावात (आज ते तलासरी तालुक्यात आहे) वारल्यांची मोठी सभा झाली, सुमारे पाच हजार माणसं जमली होती. त्या सभेतले ठराव मला एखाद्या उत्तम स्पेसिफिकेशनसारखे वाटतात. दिवसाला बारा आणे मजुरी, रोख मिळाल्याशिवाय जमीनदाराच्या खाजगी जमिनीवर काम करायचं नाही. वेठ करायची नाही. मारलं तर गप्प बसायचं नाही. एकीने राहायचं.

बघा, पहिल्याच कलमात तीन गोष्टी ठरल्या. आकडा ठरला: बारा आणे. कालावधी ठरला: एक दिवस. आणि एकक ठरलं: रोख. धान्य नको, वळतं करणं नको, "तुझ्या नावावर मांडून ठेवतो" नको. ज्यांना अडाणी म्हटलं जात होतं त्या माणसांनी वहीचा प्रश्न असा सोडवला, की वहीत काही उरतच नाही. रोजचा हिशेब रोज संपतो. लग्नगडी सोडवण्याचं काम त्याच लाटेत झालं. गोदावरीबाईंनी हे सगळं 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात लिहिलंय. १९७० मध्ये ते आलं आणि १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला. वाचलं नसेल तर जरूर वाचा.

त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमधली एक घटना मला या विषयात फार महत्त्वाची वाटते. गवतकापणीचा हंगाम होता आणि मजुरीसाठी संप चालू होता. १० ऑक्टोबर १९४५ ला तलवाड्याला हजारो वारली जमले. परुळेकर दांपत्याच्या लेखनानुसार त्यांना तिथे जमवण्यासाठी गोदावरीबाईंच्या नावाने खोटा निरोप फिरवण्यात आला होता. बाई तिथे येणार आहेत, त्यांच्या जिवाला धोका आहे, या! माणसं धावली, कारण निरोप बाईंच्या नावाचा होता. दुसरीकडे पोलिसांना सांगितलं गेलं की जमाव दंगा करायला जमलाय. गोळीबार झाला. जेठ्या गांगडसह पाच जण गेले. आज आपण ज्याला फिशिंग म्हणतो (विश्वासातलं नाव, घाई, भीती) त्याची सगळी सामग्री इथे आहे. फोन नव्हता, लिंक नव्हती. फक्त नाव होतं. तलासरीत आजही दरवर्षी १० ऑक्टोबरला हुतात्म्यांची आठवण केली जाते.

आता जरा जगाच्या दुसऱ्या टोकाला जाऊ. पॉइंट्सचा स्वतःचा इतिहास अमेरिकेतला आहे आणि तो बराच निरुपद्रवी दिसतो. १८९६ मध्ये स्पेरी आणि हचिन्सन यांनी हिरव्या रंगाची छोटी तिकिटं छापायला सुरुवात केली. दुकानदार ती विकत घ्यायचा आणि गिऱ्हाइकाला खरेदीच्या प्रमाणात वाटायचा. गिऱ्हाइकाने ती वहीत चिकटवायची, वही भरली की कॅटलॉगमधली वस्तू घ्यायची. १९६० च्या दशकात तिकडच्या घराघरांत या वह्या होत्या. मग १ मे १९८१ ला अमेरिकन एअरलाइन्सने अ‍ॅडव्हांटेज हा कार्यक्रम काढला आणि वहीच्या जागी कॉम्प्युटर आला. मैल उडा, मैल साठवा.

हा बदल तांत्रिकदृष्ट्या लहान आणि व्यवहारात प्रचंड. हिरवी तिकिटं निदान तुमच्या ड्रॉवरमध्ये होती. मैल कंपनीच्या यंत्रात. एका तिकिटाला किती मैल लागतील, ते कधी संपतील, हे कंपनी ठरवणार आणि उद्या बदलणार. म्हणजे माप पुन्हा समोरच्याचं! विमान कंपन्यांनी गेल्या चाळीस वर्षांत हे माप कितीदा बदललं याची गणती नाही. आपल्याकडे २००६ मध्ये आय-मिंट आलं, त्याचं पुढे पेबॅक झालं, २०२२ मध्ये झिलियन. कार्ड तेच, नाव आणि मालक बदलत गेले. जेट एअरवेजची विमानं एप्रिल २०१९ मध्ये बंद पडली. तिचा मैलांचा कार्यक्रम वेगळ्या कंपनीत होता म्हणून तो वाचला आणि इंटरमाइल्स झाला, पण ज्यांनी जेटनेच लंडनला जायचं म्हणून वर्षानुवर्षं मैल साठवले होते त्यांचं लंडन राहिलंच.

म्हणून माझा पहिला नियम: पॉइंट्स साठवायचे नाहीत. पॉइंट ही बचत नाही, त्याला व्याज नाही, आणि कंपनी बुडाली तर तुमच्या मदतीला कोणी येत नाही. शंभर रुपयांचं काहीतरी मिळत असेल तर आजच घ्या. बारा आणे, रोजच्या रोज, रोख.

भारतात मोबाइलवर हे सगळं आलं ते साधारण २०१४ च्या सुमाराला. एमसेंट नावाचं अ‍ॅप आठवतंय? दुसरी अ‍ॅप्स डाउनलोड करायची, त्याबद्दल टॉकटाइम मिळायचा. कॉलेजच्या हॉस्टेलांमध्ये अख्खे मजले यावर रिचार्ज करत होते. मग नोटाबंदी आली आणि सरकारही यात उतरलं. २५ डिसेंबर २०१६ पासून लकी ग्राहक योजना सुरू झाली आणि डिजिटल पैसे देणाऱ्यांच्या सोडती निघू लागल्या. १४ एप्रिल २०१७ ला नागपुरात भीम अ‍ॅपची रेफरल योजना जाहीर झाली: एकाला आणा, दहा रुपये मिळवा. त्या लकी ग्राहकचं एक कोटीचं बक्षीस लातूरच्या एका इंजिनियरिंगच्या विद्यार्थिनीला लागलं, मोबाइलचा १५९० रुपयांचा हप्ता कार्डाने भरला म्हणून! खरी गोष्ट आहे. त्याच वर्षी सप्टेंबरात गूगलचं तेज आलं, रेफरलचे ५१ रुपये आणि स्क्रॅच कार्डं घेऊन. माझ्या ओळखीच्या एका काकांनी तेव्हा सगळ्या सोसायटीला तेज बसवून दिलं. वॉचमनसकट.

इथे थोडं तांत्रिक सांगतो, कारण ते माहीत असलं की अर्धी सुरक्षितता आपोआप येते. एखाद्या नव्या कंपनीला वापरणारे हवे असतात. प्रत्येक इन्स्टॉलमागे किंवा प्रत्येक पूर्ण झालेल्या केवायसीमागे ती एका जाहिरात नेटवर्कला ठरलेली रक्कम देते. नेटवर्क त्यातला वाटा रिवॉर्ड अ‍ॅपला देतं, रिवॉर्ड अ‍ॅप त्यातला तुकडा तुम्हाला. तुम्ही लिंकवर टिचकी मारता तेव्हा तिला एक आयडी चिकटतो. नवं अ‍ॅप पहिल्यांदा उघडलं की त्याच्या आतला कोड आपल्या सर्व्हरला कळवतो, तो सर्व्हर आयडी जुळवतो आणि रिवॉर्ड अ‍ॅपला उलट निरोप पाठवतो. याला पोस्टबॅक म्हणतात. तो आला की पॉइंट जमा. ते अ‍ॅप तुम्ही पूर्वी कधी टाकलेलं असेल, अ‍ॅड-ब्लॉकर असेल, लिंक एका ब्राउझरमध्ये उघडून अ‍ॅप भलतीकडून टाकलं असेल, तर आयडी जुळत नाही आणि पॉइंट येत नाहीत. बऱ्याचदा यात कोणाची लबाडी नसते.

या साखळीत पैसा कुठून कुठे वाहतोय ते बघा. कंपनीकडून तुमच्याकडे. थेंब थेंब, पण एकाच दिशेने. जिथे ही दिशा उलटी झाली तिथे खेळ वेगळा आहे असं समजायचं, मग वेबसाइट कितीही चकचकीत असो.

याचं मराठी माणसाला आठवणारं उदाहरण म्हणजे स्पीक एशिया ऑनलाइन. २०१०-११ ची गोष्ट. ११,००० रुपये भरून सभासद व्हा, दर आठवड्याला दोन सर्व्हे भरा, प्रत्येकी ५०० रुपये मिळवा. वर्षाचे ५२,००० होतात. वर नवे सभासद आणलेत तर त्याचे वेगळे. टीव्हीवर जाहिराती, मोठ्या हॉलमध्ये सभा. नवरा-बायकोच्या, आईच्या, आजीच्या नावाने पॅनेल घेतलेली कुटुंबं मी बघितली आहेत. आता साधा प्रश्न विचारायचा होता: माझ्या मतासाठी आठवड्याला हजार रुपये मोजतंय कोण? कोणत्या साबणवाल्याला माझं मत इतकं प्यारं आहे? याचं पटेल असं उत्तर नव्हतं. येणारा पैसा पुढच्या सभासदांचा, असा आरोप झाला. २०११ मध्ये खाती गोठली, पैसे अडकले, मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने गुन्हा नोंदवला. लाखो लोक त्यात होते आणि त्यांतले अनेक जण शेवटपर्यंत कंपनीच्या बाजूने मोर्चे काढत होते. कारण त्यांनी ज्यांना आणलं होतं ते त्यांचेच मेहुणे, शेजारी, ऑफिसमधले सहकारी. रेफरलमध्ये नावाचा विश्वास वापरला जातो, आणि तो आपलाच असतो.

हल्ली टेलिग्रामवर जे "व्हिडिओ लाइक करा, कमवा" चालतं ते याचंच धाकटं भावंडं. पहिल्या दिवशी खरोखर दीडशे-दोनशे रुपये खात्यात येतात. तिसऱ्या दिवशी "प्रीपेड टास्क", आधी हजार भरा, तेराशे घ्या. मग पाच हजार. मग पन्नास हजार, आणि ते काढण्यासाठी "टॅक्स". सुशिक्षित माणसं यात अडकतात, कारण सुरुवातीचे दोनशे खरे असतात. सावकाराचं खावटीचं भातही खरंच होतं.

आता अंगठ्याकडे येऊ. मला वैयक्तिकरीत्या हा भाग सगळ्यात रंजक वाटतो.

१८५८ च्या जुलैमध्ये बंगालमधल्या जंगीपूरला विल्यम हर्शेल नावाच्या अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई या कंत्राटदाराकडून रस्त्याच्या खडीचा करार लिहून घेतला आणि सहीच्या जोडीला त्याच्या अख्ख्या पंजाचा ठसा घेतला. हेतू ओळख पटवण्याचा कमी, आणि "ही माझी सही नाही" असं पुढे म्हणायची माणसाला भीती वाटावी हा जास्त. पुढे १८९७ मध्ये कलकत्त्याला जगातला पहिला फिंगरप्रिंट ब्यूरो निघाला. ठशांच्या वर्गीकरणामागचं गणित अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांचं, श्रेय बरंचसं त्यांचे साहेब एडवर्ड हेन्री यांना. (हे आयटीतल्या लोकांना फार समजावून सांगावं लागणार नाही.) मग तो अंगठा गावोगावच्या सावकारी कागदांवर पोचला. वाचता न येणाऱ्याने न वाचलेल्या मजकुराखाली दिलेली संमती. आपणही "मला अटी मान्य आहेत" वर टिचकी मारतो तेव्हा काय वाचलेलं असतं?

२९ सप्टेंबर २०१० ला देशातला पहिला आधार क्रमांक दिला गेला तोही महाराष्ट्रातल्याच एका आदिवासी गावात, नंदुरबारच्या टेंभलीत. अंगठा कागदावरून यंत्रात गेला. आधारवर चालणारी पैसे काढायची सोय (गावात मायक्रो-एटीएमवर अंगठा लावून पैसे) खेड्यापाड्यांत खरंच उपयोगाची आहे, बँकेपर्यंतची पायपीट वाचते. पण २०२३ च्या आसपास हरियाणासह काही राज्यांत उघडकीस आलं की भामट्यांनी जमीन खरेदीच्या दस्तांवरचे, ऑनलाइन उपलब्ध असलेले अंगठे उतरवून घेतले, सिलिकॉनचे ठसे बनवले आणि लोकांच्या खात्यांतून पैसे काढले. दस्तावरचा अंगठा पुन्हा एकदा! आधारच्या अधिकृत अ‍ॅपमध्ये बायोमेट्रिक लॉक करायची सोय आहे. पाच मिनिटं लागतात. आजच करा, आणि आईवडिलांचंही करा.

आणि आपल्या वयाच्या लोकांसाठी खरा धोका इथेच आहे. पन्नास रुपये बुडणं हा धोका नाहीच. धोका तुमच्या नावावर दुसऱ्याने व्यवहार करण्याचा. "खातं उघडा, एटीएम कार्ड आणि सिम आम्हाला द्या, दोन हजार घ्या" अशी ऑफर कॉलेजच्या पोरांना, बिगारी कामगारांना सर्रास दिली जाते. त्या खात्यातून चोरीचा पैसा फिरतो. त्याला म्यूल खातं म्हणतात, म्यूल म्हणजे खेचर. पोलीस येतात ते ज्याच्या नावावर खातं आहे त्याच्याकडे. अशी खाती शोधायला रिझर्व्ह बँकेच्या इनोव्हेशन हबने म्यूलहंटर नावाची यंत्रणाच बनवली आहे. म्हणून पॅन, आधार किंवा सेल्फी मागणारी साइन-अप ऑफर आणि नुसता ईमेल मागणारी ऑफर या दोन वेगळ्या जाती आहेत असं मी मानतो. दुसरीत मी डोळे मिटून उडी मारतो, त्यासाठी एक वेगळा ईमेल पत्ता ठेवलाय. पहिलीत, ती कंपनी मी बोनसशिवायही वापरली असती का, एवढं स्वतःला विचारतो. उत्तर बहुधा "नाही" येतं.

परवानग्यांचंही तसंच. टॉर्चच्या अ‍ॅपला कॉन्टॅक्ट्स कशाला? २०२०-२१ मध्ये कर्ज देणाऱ्या अ‍ॅप्सनी लोकांची कॉन्टॅक्ट लिस्ट उचलली आणि हप्ता चुकला की नातेवाइकांना, बॉसला मेसेज पाठवून बदनामी केली. त्यात जीव गेले. गूगलने ३१ मे २०२३ पासून कर्जाच्या अ‍ॅप्सना कॉन्टॅक्ट्स आणि फोटो बघायला बंदी घातली. पण प्ले स्टोअरच्या बाहेरून टाकलेल्या अ‍ॅपला हा नियम कोण लावणार? तेव्हा मेसेजमधून आलेली एपीके फाइल कितीही बोनस देत असली तरी टाकायची नाही. एसएमएस वाचायची परवानगी मिळाली की ओटीपी त्याच्या हातात.

कायद्याने काय केलं, हेही सांगायला हवं. वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने देशभर बंद झाली. त्याच वर्षी महाराष्ट्राने आदिवासींच्या आर्थिक स्थितीसुधारणेचा कायदा केला, त्यात खाजगी सावकारी आणि पालेमोड (उभं पीक आधीच स्वस्तात लिहून घेणं) यांना आळा घातला. खावटी सरकारनेच आदिवासी विकास महामंडळातर्फे द्यायला सुरुवात केली, आणि कोविडमध्ये, २०२० साली, ती चार हजारांचं अनुदान म्हणून आली, अर्धी रोख आणि अर्धी किराण्यात. पण पालघर जिल्ह्यातून दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जाणारी कुटुंबं आजही बयाणा घेऊन जातात. पावसाळ्यात उचललेली रक्कम हंगामभर वीट पाडून फेडायची, हिशेब शेवटी, वही मालकाकडे. हे वाचताना मला १९३९ चा अहवाल आठवतो आणि चिडचिड होते.

ग्राहकांसाठीही नियम आलेत. ३० नोव्हेंबर २०२३ ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने १३ प्रकारच्या डार्क पॅटर्न्सवर बंदी घातली. घुसणं सोपं आणि बाहेर पडणं अवघड करून ठेवायचं, हा त्यातलाच एक. एक रुपयात महिनाभर ट्रायल आणि त्यासोबत नकळत दिलेली ऑटोपेची मंजुरी, हा आपल्या पिढीला सगळ्यात जास्त चावणारा. तुमच्या यूपीआय अ‍ॅपमध्ये ऑटोपे किंवा मँडेट असा एक कोपरा असतो. तो उघडून बघा. मी शेवटचा उघडला तेव्हा आमच्या घरातल्या एका फोनवर सात मंजुऱ्या सापडल्या, त्यातल्या चार कशाच्या हे कोणालाच आठवत नव्हतं. अ‍ॅप काढून टाकलं म्हणून मंजुरी जात नाही, ती वेगळी रद्द करावी लागते. आणि खातं बंद करायचं असेल तर अ‍ॅप काढण्याआधी आतून खातं डिलीट करायचं, नंतर ते बटण शोधत बसावं लागतं.

पैसे "मिळवण्यासाठी" यूपीआय पिन कधीच लागत नाही, हे तुम्हाला माहीत आहेच. घरातल्या मोठ्यांना माहीत आहे का, ते एकदा विचारा. पैसे गेलेच तर १९३० या नंबरवर लगेच फोन करायचा. पहिल्या तासाभरात कळवलं तर रक्कम पुढे सरकण्याआधी अडवता येण्याची शक्यता जास्त असते. आपल्या नावावर किती सिम कार्डं आहेत ते संचार साथी पोर्टलवर दिसतं, आणि अनोळखी नंबर दिसला तर तिथूनच तक्रार करता येते.